मनूचा डावा डोळा

मागच्या महिन्यात चिपळूणहून एका बाईंचा फोन आला. माझा नंबर त्यांना हॉस्पिटलातल्या कुणीतरी दिला होता. त्यांचा मुलगा दीड वर्षाचा आहे आणि जे माझ्या मनूला झालं तेच त्याला झालंय. बराच वेळ त्या इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. पाऊस किती आहे, गणपतीला माणसं किती येणार, असं. मग एकदम म्हणाल्या, "ताई, डोळा काढल्यावर पोर दिसतं कसं, ते मला सांगाल काय? डॉक्टरांना विचारायला तोंड उघडत नाही."

मी त्यांना सांगितलं. फोन ठेवल्यावर मशीनवर बसले, पण एक टीप धड पडेना. मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, हातात काम असलं की मन जाग्यावर राहतं. त्या दिवशी राहिलं नाही. हाच प्रश्न मलाही पडला होता आणि मलाही तो कुणाला विचारता आला नव्हता. म्हणून लिहायला बसले आहे. मनू आता चार वर्षांची आहे आणि मी हे लिहितेय तेव्हा अंगणात कोंबडीच्या मागे धावतेय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको.

फोटो

आम्ही तिघं मिरजोळ्याला दोन खोल्यांत राहतो. माझा नवरा महेश तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला आहे. आमचं गाव तिथून तासाभरावर, आत. गावच्या घरी सासूबाई एकट्या असतात. गणपतीत मात्र घर भरतं. मोठे दीर आणि दीपावहिनी डोंबिवलीहून येतात, आम्ही मिरजोळ्याहून जातो, आणि पाच दिवस चूल थंड पडत नाही.

त्या वर्षी मनू दोन वर्षांची व्हायची होती. तिचा पहिलाच कळता गणपती. आरतीला तिने झांज धरली ती सोडेचना, झोपली तरी मुठीत. जाखडीवाले अंगणात नाचून गेले, तर दुसऱ्या दिवशी ही दिवसभर एक पाय आपटत घरभर फिरत होती. मी तिला खणाचा परकर-पोलका शिवला होता. घरात जो येईल त्याच्यासमोर परकर दोन्ही हातांनी पसरून उभी राहायची आणि "छान" असं स्वतःच म्हणायची.

संध्याकाळच्या आरतीच्या वेळी लाईट गेली. समयांच्या उजेडात आरती झाली. दीपावहिनींनी मोबाईलच्या फ्लॅशवर सगळ्यांचे फोटो काढले. मग ओटीवर बसून त्या ते बघत होत्या.

"शुभांगी, हे बघ गो जरा. हिच्या एका डोळ्यात काय आहे हे?"

फोटोत मनू माझ्या कडेवर होती. उजव्या डोळ्यात सगळ्यांच्या येतो तसा लाल ठिपका. डाव्यात पांढरा, दुधाचा थेंब पडल्यासारखा.

"मोबाईलचा दोष असेल," मी म्हटलं.

वहिनींनी पुन्हा फोटो काढला. पुन्हा एक. "मनू, इकडे बघ, इकडे!" मनूला वाटलं खेळच चालू आहे, ती खिदळत होती. प्रत्येक फोटोत तो डोळा पांढरा आला.

"मांजराचा डोळा चमकत नाय काय काळोखात? तसाच तो," सासूबाई आतून म्हणाल्या. "सणासुदीचा पोरीला न्याहाळत नका बसू. नजर लागते." आणि त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मी आणि वहिनी मोदक वळत होतो. वहिनी खाली मान घालूनच बोलल्या. "मी तुझ्या संसारात कधी बोलले नाही. आज बोलते. उद्या हिला डोळ्याच्या डॉक्टरकडे ने."

"उद्या गौरी आहेत, वहिनी."

"गौरीचं मी बघते."

डॉक्टरांचा तळवा

रत्नागिरीतल्या त्या दवाखान्यात सणामुळे कुणी नव्हतं. डॉक्टर वयस्कर, हसरे. मनूच्या हातात त्यांनी आपली छोटी बॅटरी दिली. ती बॅटरीशी खेळत असताना तिचा डावा डोळा त्यांनी तळव्याने झाकला. मनू खेळत राहिली. मग उजवा झाकला.

मनू किंचाळली. तिने त्यांचा हात ढकलला, मान फिरवली, माझ्या छातीत तोंड खुपसलं. डॉक्टरांनी थोडं थांबून पुन्हा तसंच केलं. डावा झाकला, ती शांत. उजवा झाकला, तीच किंकाळी.

"रागावली," महेश हसून म्हणाला.

मला हसू आलं नाही. मला तेवढ्यात कळलं होतं. उजवा डोळा झाकला की माझ्या लेकीसमोर काळोख होत होता.

डोळ्यात थेंब घातले, बाहेर बसवलं, पुन्हा आत बोलावलं. यावेळी डॉक्टरांनी फार वेळ पाहिलं. हसणं बंद झालं होतं. दिवा लावून ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "तुम्ही दोघं काही खाऊन आला आहात का?"

मी मनूला मांडीवर ओढून घेतलं.

"डोळ्याच्या आत गाठ आहे," ते म्हणाले. "ह्या डोळ्याने तिला दिसत नसावं. मुंबईला जावं लागेल. दिवाळीनंतर वगैरे नाही, आता लगेच."

"दिसत नाही म्हणजे कधीपासून?" महेशने विचारलं.

"ते सांगता येणार नाही. आणि एक ऐका माझं, ते शोधत बसू नका."

पण मन शोधतंच. ती चालायला लागली तेव्हा? पहिल्यांदा समुद्र बघून घाबरली तेव्हा? माझ्या मांडीवर झोपून ती माझ्याकडे टक लावून बघायची, तेव्हा ती एकाच डोळ्याने बघत होती का? पोराच्या अंगावर मुंगी चढली तरी आईला कळते म्हणतात. मला हे कळलं नव्हतं. तिलाही कळलं नव्हतं. जग एवढंच असतं असं तिला वाटत असणार.

परत येताना आम्ही रस्त्यात एका टपरीवर थांबलो. मनूने क्रीमचं बिस्किट उघडून आतलं क्रीम तेवढं चाटलं. मुंबईच्या नंबरच्या गाड्या एकामागून एक जात होत्या, टपावर सामान, आत गाणी. महेश चहाचा ग्लास हातात धरून बसला होता, प्यायलाच नाही.

"आईला आत्ता काही सांगू नको," तो म्हणाला. "सण होऊन जाऊ दे."

उजवी कळी

सासूबाईंना सांगावं लागलंच नाही. आमची तोंडं बघून त्यांनी वहिनींना धरलं, आणि वहिनींना खोटं बोलता येत नाही.

त्या रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून ग्रामदेवीच्या देवळात गेल्या आणि गुरवाला कौल लावायला सांगितला. देवीला फुलांच्या कळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर देवीचा होकार. परत आल्या तेव्हा चेहरा उजळला होता. "उजवी कळी पडली. दिवाळीपर्यंत पोरीला खय हलवू नका. देवी बघून घेईल."

तुम्ही हसाल, पण मला त्या क्षणी त्यांचा हेवा वाटला. त्यांना उत्तर मिळालं होतं. माझ्यापाशी नुसती भीती होती.

मी महेशकडे बघितलं. तो खांबाला टेकून उभा होता. "दिवाळीपर्यंतच तर म्हणतेय आई," तो हळू म्हणाला. "तेवढ्यात काय मोठं..."

आम्ही दोघंच असताना मी त्याला नावाने हाक मारते, अरे-तुरे करते. सासूबाईंसमोर कधी नाही, 'अहो'च म्हणते. त्या दिवशी माझ्या तोंडून गेलं, "महेश, तू येतोस की मी एकटी जाऊ?"

गौरीची पानं वाढलेली होती, कुणी हात लावला नाही. मग वहिनी म्हणाल्या, "एकटी कशाला? मी आहे ना हिच्याबरोबर." महेश आत गेला आणि बॅग काढून मनूचे कपडे भरायला लागला. परकर-पोलकासुद्धा त्याने घडी घालून ठेवला. तिकडे तो कशाला लागणार होता, देव जाणे.

निघताना सासूबाई बाहेर आल्या नाहीत.

मामाकडे

चाकरमान्यांची परतीची गाडी. आमचं आरक्षण नव्हतं. दीर दारापाशी सामानावर बसले आणि त्यांच्या दोन जागांवर वहिनी, आम्ही दोघं आणि मांडीवर मनू. डब्यात नारळ, काकड्या, तांदळाच्या पिशव्या, उरलेले लाडू. कुणीतरी अजून आरत्याच म्हणत होतं आणि मनू टाळ्या वाजवत होती.

समोरच्या बाईंनी तिचा गालगुच्चा घेतला. "कुठं निघाली स्वारी?"

"मामाकडे," महेश म्हणाला.

मला सख्खा भाऊ नाही. पण मनूला शब्द आवडला. रोहा येईपर्यंत ती "मामा, मामा" करत होती. त्या बाईंनी तिच्या हातात खोबऱ्याची वडी ठेवली आणि म्हणाल्या, "मामाला सांग, मोठी बाहुली घे म्हणावं." महेश उठून दाराकडे गेला तो बराच वेळ आलाच नाही.

"माझा घ्या"

रत्नागिरीत 'गाठ' म्हटलं होतं. कॅन्सर हा शब्द मुंबईत ऐकला. डॉक्टर माझ्याच वयाच्या बाई होत्या. त्यांनी तो शब्द आवाज न उतरवता, पण सावकाश उच्चारला. लहान मुलांच्या डोळ्याचा कॅन्सर असतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं.

तपासण्या झाल्या. मग त्यांनी आम्हाला समोर बसवलं. "गाठ डोळ्याच्या बाहेर गेलेली दिसत नाही. ही मोठी गोष्ट आहे. आत्ता डोळा काढला तर तुमची मुलगी मोठी होईल, शाळेत जाईल. थांबलात तर गाठ काही डोळ्यात थांबून राहणार नाही."

"डोळा दुसरा बसवता येतो ना?" महेश पुढे सरकला. "माझा घ्या. दोन्ही घेतले तरी चालतील."

डॉक्टर हसल्या नाहीत. "असं होत नाही हो," त्या म्हणाल्या. "होत असतं तर इथे रोज रांग लागली असती."

महेशने मान हलवली, जणू एखाद्या दुकानात 'माल संपला' असं ऐकलं. मग उठून व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी मनूला घेऊन तिथेच बसून राहिले. ती टेबलावरच्या पेपरवेटमधलं फूल बाहेर काढायचा प्रयत्न करत होती.

बाहेरचा हॉल

हॉस्पिटलचं दुखणं बऱ्याचदा दुखण्यापेक्षा वाट बघण्यात असतं. लहान मुलांना प्रत्येक तपासणीला भूल देतात. म्हणजे सकाळपासून पोर उपाशी. दोन वर्षांच्या जिवाला 'आज खायचं नाही' हे कसं सांगायचं? मनू माझी पर्स उघडून बिस्किट शोधायची. नाही सापडलं की माझ्या तोंडात बोट घालून बघायची, मी तर खाल्लं नाही ना.

त्या हॉलमध्ये कुठून कुठून आलेल्या आया होत्या. बऱ्याच जणींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण कुणी न सांगता एक नियम सगळ्या पाळत होत्या. शेवटचं मूल आत जाईपर्यंत कुणी डबा उघडायचा नाही. पाण्याची बाटलीसुद्धा पदराआड.

तिथे नंदुरबारकडची एक बाई होती. तिची पाच वर्षांची मुलगी खुर्च्यांवरून उड्या मारत होती. ऑपरेशन होऊन वर्ष झालं, आता खोटा डोळा आहे, असं ती म्हणाली. मी त्या मुलीकडे चोरून बघत होते. कुठला खरा, कुठला खोटा, मला ओळखताच येईना.

"चोरून कशाला, नीट बघा," ती बाई म्हणाली आणि तिने लेकीला माझ्यासमोर उभी केली. "मी पण अशीच बघितली होती दुसरीच्या पोरीला."

त्या मुलीने मला जीभ दाखवली. हॉस्पिटलात आल्यापासून मी पहिल्यांदा हसले.

ती सकाळ

ऑपरेशनच्या दिवशी डोंबिवलीला वहिनींच्या घरी मी मनूला अंघोळ घातली. दोन शेंड्या बांधल्या. मग तिला समोर धरून बघत बसले. डोळे महेशचे, लांब पापण्यांचे. बाहेरून दोन्ही अगदी सारखे. डाव्यात बघितलं तर त्यातही मीच दिसत होते, छोटी. त्या डोळ्याने मला शेवटचं कधी पाहिलं असेल?

मी त्या पापणीचा मुका घेतला. तिला गुदगुल्या झाल्या. तिने दुसरी पापणीही पुढे केली, "ही पण." मग म्हणाली, "आई, बिकिट."

तिला झोप लागेपर्यंत मला आत येऊ दिलं. हिरवा झगा तिच्या पायांखाली येत होता. तोंडावर मास्क धरला तशी तिने माझं मंगळसूत्र घट्ट पकडलं. मग मूठ आपोआप सैल झाली. सिस्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "चला ताई." मी चालले. कशी चालले ते आठवत नाही.

महेश बाहेर बाकावर होता. त्याने माझा हात हातात घेतला नाही, मीही त्याचा घेतला नाही. दोघांनाही वाटत असावं, एकमेकांना शिवलो की कोसळू.

कसं दिसतं

आता चिपळूणच्या ताईंना जे सांगितलं ते लिहिते.

पट्टी काढतात त्या दिवशी उभं राहून बघू नका, बसा. रक्त नसतं. खड्डा नसतो. पापणी थोडी सुजलेली, झोपाळू. उघडली की आत गुलाबी, आपल्या गालाच्या आतल्या बाजूसारखं, आणि त्यावर प्लास्टिकची एक पारदर्शक चकती. एवढंच. भयंकर काही नसतं. जे असायला हवं ते नसतं, तेवढं असतं. मी बघितलं आणि मी ओरडले नाही. मनू माझ्याकडे बघून हसली. अर्धा चेहरा सुजलेला आणि हसू पूर्ण.

मुलांना आरसा महत्त्वाचा नसतो. ती दोन दिवसांत खेळायला लागतात. तेच तुम्हाला उठवतात, आणि तेच बघून तुमचं काळीजही फाटतं. डोळ्यात थेंब घालायचे, ती चकती निघून हातात आली तर धुऊन पुन्हा बसवायची, हे सगळं मी शिकले. शिवणकामाचा हात कामी आला. खोटा डोळा पुढे हिवाळ्यात बसवला. तो छान दिसतो, लोकांना कळत नाही. पण त्यातून कुणी बघत नाही, हे आईला रोज कळतं. त्याची सवय होते, असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

गाठीचा रिपोर्ट चांगला आला. बाहेर कुठे गेली नव्हती. उजवा डोळा स्वच्छ आहे, पण तो तपासायला अजून ठरल्या वेळी मुंबईला जातो. पुन्हा उपाशी पोर, पुन्हा भूल. त्याच्या आधीचा आठवडा मी आणि महेश क्षुल्लक गोष्टींवरून भांडतो. भाजीत मीठ, गॅस बंद केला की नाही. दोघांनाही माहीत असतं, भांडण कशाचं आहे.

आणि फोटोत पोराच्या एका डोळ्यात पांढरं दिसलं, तर दाखवून या. बहुतेक वेळा काही नसेल. नसलं तर मोदक गोड लागतील.

वारा

दिवाळीला गावी गेलो. मनूच्या पापणीची सूज उतरली होती, पण खोटा डोळा बसायचा होता. पापणी आत गेलेली, बारीक मिटलेली दिसायची.

सासूबाईंनी तिला अंगणातच उचललं, तिच्या केसांत तोंड घातलं आणि फार वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं आता, निवळलं सगळं.

पण फराळाला शेजारची माणसं यायला लागली, की त्या म्हणायच्या, "शुभांगी, पोरीला आत घे गो, वारा लागेल." पहिल्या वेळी मी घेतलं आत. दुसऱ्या वेळी पण घेतलं. तिसऱ्या वेळी मी बाहेर बघितलं. माडाची झावळी हलत नव्हती.

मी मनूला घेऊन ओटीवरच बसून राहिले. आलेल्या दोघी बायकांनी बघितलं, एकमेकींकडे बघितलं, चकली मोडली, दिवाळीचं बोलल्या आणि गेल्या.

"आज वारा नाही, आई," मी म्हटलं.

सासूबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. "लोकां काय काय बोलतात, तुला नाय ठाव. पोरीची जात. उद्या तिचा लगीन कसा होयाचा?"

"ती आहे, आई," मी म्हटलं. "ती आहे ना आपल्यात. लग्नाचं नंतर बघू."

त्यांनी पदर तोंडाला लावला. दिवाळीपर्यंत थांबा, म्हणाल्या होत्या. दिवाळी अंगणात आली होती. आम्ही थांबलो असतो, पण गाठ कदाचित थांबली नसती. दोघींच्याही मनात तेच होतं. मी ते बोलले नाही, आणि न बोलल्याचं मला बरं वाटतं.

"देवीना नीटच सांगितला असेल," शेवटी त्या म्हणाल्या. "मीच नीट विचारला नसेल."

त्यानंतर त्यांनी मनूला आत पाठवलं नाही. पण कुणी आलं की त्या स्वतःच आत जात, काही काम काढून.

पाडवा

महेशबद्दल लिहायचं राहिलं. ऑपरेशननंतर त्याने सगळं केलं. औषधं, रिक्षा, रिपोर्ट, मनूचे कपडे धुणं. तिला कडेवर घेऊन हॉस्पिटलचे जिने चढला, उतरला. पण तिचा चेहरा त्याने बघितला नाही. तिला घ्यायचा तो खांद्यावर, तोंड पाठीमागे करून. भरवायला बसला तर ताटाकडे बघायचा. मी थेंब घालायला लागले की बाहेर जायचा. मला राग यायचा. दोनदा बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "जमत नाही गो." एवढंच.

पाडव्याला आमच्याकडे बायको नवऱ्याला ओवाळते आणि लेकी बापाला. सासूबाईंनी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. महेश अंघोळ करून पाटावर बसला, नजर रांगोळीकडे. मी ओवाळलं.

मग मनू मध्ये घुसली. "मी, मी!"

मी तिच्यासमोर तबक धरलं. तिने कुंकवाच्या करंड्यात अख्खं बोट बुडवलं. कुंकू पाटावर सांडलं, रांगोळीत सांडलं. महेश अजून खालीच बघत होता.

"बाबा, वर," मनू म्हणाली.

त्याने मान वर केली नाही.

"बाबा, वर बघ!"

महेशने चेहरा वर केला. ती त्याच्या अगदी समोर उभी होती, नवा फ्रॉक, तेलाने चपचपलेले केस, एक डोळा टपोरा आणि दुसरा मिटलेला. त्याने बघितलं. ऑपरेशनच्या सकाळनंतर पहिल्यांदा.

मनूने मोठ्या ऐटीत हात पुढे केला आणि कुंकू लावलं. पण बोट त्याच्या कपाळाच्या अलीकडेच थांबलं होतं. एका डोळ्याला जवळचं अंतर नीट कळत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने हवेतच टिळा ओढला, मग बघितलं तर कपाळ कोरं. तिने पुन्हा बोट बुडवलं. पुन्हा हवेत.

"अगो, टेकव की बोट," सासूबाई हसल्या. आणि हसता हसता त्यांना उमगलं. त्यांचा हात तोंडावर गेला.

महेशच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्याने ते पुसलं नाही. पुसायला हात आड आला असता, आणि तो तिच्याकडे बघत होता.

मनूने तिसऱ्यांदा बोट पुढे केलं, या वेळी जरा कंटाळून, भुवई चढवून. महेश पाटावरून थोडा पुढे झुकला. आणखी थोडा. त्याचं कपाळ तिच्या बोटाला येऊन टेकलं.

"लागलं," मनू म्हणाली.